व्हिएतनामला निघताय? पैशांची तयारी नौपाड्यातच करा

परदेशी ट्रिपला निघालेली ठाण्यातली मंडळी व्हिसा, हॉटेल, मेतकूट-भडंग सगळं महिनाभर आधी ठरवतात आणि तिथे मोडून डोंग (व्हिएतनामचं चलन) घ्यायला लागणारे डॉलर घेतात ते विमानतळावर. तिथला दर बहुतेक वेळा सगळ्यात महाग.

त्याऐवजी आठवडाभर आधी नौपाड्यात किंवा वाशीत दोन-तीन परवानाधारक मनी चेंजरना फोन करा. नुसता दर विचारू नका. जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज धरून एवढ्या रुपयांत हातात किती डॉलर पडतील, ते विचारा. पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट लागतं. रक्कम ५०,००० रुपये किंवा जास्त असेल तर रोख चालत नाही, बँकेतूनच द्यावी लागते. पावती जपून ठेवा. नोटा १०० डॉलरच्या आणि कोऱ्या मागा. घडी, शाईची खूण किंवा फाटका कोपरा असेल तर व्हिएतनाममध्ये दर कमी मिळतो, कधी नोटच नाकारतात. रुपये नेऊन तिथे बदलायच्या भरवशावर राहू नका.

मग कार्ड. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा. एटीएम आणि दुकानातलं मशीन यांची बटणं वेगळी असतात, दोन्ही पाहा. ओटीपीसाठी बँकेत नोंदवलेल्या नंबरचं रोमिंग चालू हवं. फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून घ्यायचं कार्ड) घेताना एक प्रश्न नक्की विचारा: डॉलर भरलेलं कार्ड डोंगमध्ये वापरलं तर वेगळा चार्ज किती? बहुतेक कार्डांवर डोंग भरताच येत नाही, त्यामुळे हा चार्ज लागतो, आणि काउंटरवर तो कोणी आपणहून सांगत नाही.

तिथे पोचल्यावर विमानतळावर टॅक्सीपुरतेच डॉलर मोडा, बाकीचे शहरातल्या बँकेत. एटीएम किंवा कार्ड मशीनने ‘रुपयांत की डोंगमध्ये’ असं विचारलं, तर नेहमी डोंग निवडा. रुपये निवडले की दर मशीनवाल्यांचा लागतो आणि तो जवळजवळ नेहमीच महाग असतो.

आता सर्वांत जपायची गोष्ट. २०,००० आणि ५,००,००० डोंग या दोन्ही नोटा निळसर आहेत, आणि किमतीत २५ पटींचा फरक. संध्याकाळच्या बाजारातल्या अंधुक उजेडात हमखास गफलत होते. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि पैसे देताना आकडा मोठ्याने वाचा. आई-बाबा बरोबर असतील तर हॉटेलच्या खोलीत बसून त्यांना नोटा हाताळायला द्या. हिशेबासाठी शेवटची तीन शून्यं काढून साडेतीनने गुणा: ५०,००० डोंग म्हणजे साधारण पावणेदोनशे रुपये. निघताना त्या दिवसाचा दर एकदा तपासून घ्या.

रोज सकाळी सगळ्यांची काँट्री एकाच पाकिटात टाका आणि चहा, फळं, रिक्षा, तिकिटं त्यातूनच भागवा. टॅक्सीसाठी ग्रॅब ॲप बरं, भाडं आधीच कळतं. रात्री पाकीट मोजलं की दुसऱ्या दिवशी हात कुठे आखडायचा ते समजतं.

उरलेले डोंग तिथेच संपवा किंवा डॉलर करून घ्या. ठाण्यात ते खपवणं कठीण. डॉलर २,००० पर्यंत घरी ठेवता येतात, त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा मनी चेंजरला परत करावे लागतात.