स्टेरॉइड चालू असताना किडनीचा रिपोर्ट: या चुका टाळा

दम्यासाठी किंवा संधिवातासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असते. डिचोलीच्या लॅबमधून रिपोर्ट येतो आणि युरियापुढे (किडनी लघवीतून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) ठळक ‘हाय’ दिसते. घरात लगेच ‘किडनी गेली!’ आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. सगळ्यात घातक चूक हीच. काही आठवडे स्टेरॉइड पोटात गेले की शरीर स्वतःचे कॉर्टिसोल (आपले नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणे कमी करते. अशात गोळी एकदम तोडली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने.

मग युरिया का चढतो? स्टेरॉइडमुळे स्नायूंमधली प्रथिने मोडतात आणि त्यातल्या नायट्रोजनचा यकृतात युरिया होतो. किडनी धड असूनही आकडा वर जातो. पाणी कमी पडले तरी तेच, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या घामात ते सहज पडते. मात्र सोबत दुखण्याच्या गोळ्या चालू असतील आणि शौच डांबरासारखे काळे होत असेल, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. त्यानेही युरिया वाढतो. तेव्हा घरी वाट पाहू नका, इस्पितळ गाठा.

एका रिपोर्टात ‘बीयूएन’ (युरियातला फक्त नायट्रोजन मोजलेला आकडा) आणि दुसऱ्यात ‘ब्लड युरिया’ असेल तर आकडे थेट ताडून पाहू नका. बीयूएन 20 म्हणजेच युरिया साधारण 43. दुप्पट झाला म्हणून रडणारी माणसे असतात, आणि प्रत्यक्षात काहीच बदललेले नसते.

क्रिएटिनिन नॉर्मल आले म्हणून निर्धास्तही होऊ नका. किडनी गाळून टाकते तो हा टाकाऊ पदार्थ स्नायूंतून येतो. दीर्घकाळ स्टेरॉइडने दंड-मांड्या वाळल्या की क्रिएटिनिन कमीच दिसते आणि किडनीचा बिघाड झाकला जातो. उलट, आदल्या रात्री मटणाची शागोती ओरपली तर ते तात्पुरते वाढते. जिममधली अ‍ॅनाबॉलिक इंजेक्शने हा वेगळा प्रकार. त्यांनी स्नायू फुगून क्रिएटिनिन चढतेच, पण किडनीच्या गाळण्यांना खरी इजाही होऊ शकते.

मग सिस्टॅटिन सी (किडनीचे काम मोजायची दुसरी रक्ततपासणी) करून घ्यावे, असे कोणी सुचवते. स्टेरॉइडचा डोस जास्त असेल तर किडनी तशीच असताना तेही वाढते, त्यामुळे ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाजी आकडा) खोटाच कमी निघतो.

म्हणून गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत जा की गावातल्या डॉक्टरांकडे, स्टेरॉइडचे नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख आधी सांगा. इनहेलर, सांध्यात घेतलेले इंजेक्शनही लपवू नका. जुने रिपोर्ट सोबत न्या, आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची (एका प्रथिनाची) तपासणी करायची का, ते विचारा.