डुगडुगणाऱ्या खुर्चीसाठी

घरी बनवलेली जेवणाच्या टेबलाची खुर्ची जोडून झाली की अनेकदा एक पाय अधांतरी राहतो. अंदाजाने एकेक पाय कापत गेलं की खुर्ची बुटकी होते, डुगडुग तशीच.

१. खुर्ची स्वयंपाकाच्या ओट्यावर, सपाट ग्रॅनाइटवर ठेवा. फरशीचे सांधे फसवतात.
२. अधांतरी पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून ती स्थिर करा.
३. त्या तुकड्यांपेक्षा किंचित जाड लाकडी पट्टीवर पेन्सिल आडवी ठेवून चारही पायांभोवती रेघ फिरवा. पाय तिरके असले तरी काप जमिनीला समांतरच येतो, हे फार मोलाचं.
४. बारीक दात्यांच्या करवतीने रेघेवर कापा, कडा पॉलिश पेपरने मोडा.

सांध्यांतला फेविकॉल पूर्ण वाळेपर्यंत, किमान २४ तास, खूण करू नका.