सैपाकघर नव्यानं बांधताय? खिडकी आणि ओट्याच्या या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यांत कवेलू उतरवून स्लॅब टाकायची कामं दिवाळीनंतर सुरू होतात आणि मृग लागायच्या आत उरकायची घाई असते. त्या घाईत सैपाकघराच्या खिडकीचा विचार सगळ्यात कमी होतो. "इथं एक चार बाय चारची सोडा" एवढ्या एका वाक्यावर मिस्त्री चौकट उभी करतो. ओटा नंतर, शेगडी त्याहून नंतर. हा क्रम उलटा आहे. आधी शेगडीची जागा, मग सिंकची, मग ओट्याची लांबी, आणि हे सगळं ठरल्यावर खिडकी.

कवेलूच्या छपराला फटी असायच्या. फोडणीचा धूर, भाताची वाफ, चुलीची धग वरच्या वर निघून जायची. स्लॅब पडला की ही वाट कायमची बंद होते. खिडकीची वरची कड सात फुटांवर आणि स्लॅब दहा फुटांवर असेल, तर मधल्या तीन फुटांत गरम हवा दिवसभर कोंडून राहते. म्हणून स्लॅबच्या लगत दीड फूट बाय एक फुटाचा जाळीचा झरोका हवाच. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून झरोका गाळणाऱ्यांनी उन्हाळ्यातली आपल्या गावची वीज आठवावी.

आता सर्वांत महागात पडणारी चूक: पश्चिमेला मोठी खिडकी आणि तिच्याच खाली शेगडी.

अशा एका घराचं उदाहरण घ्या. दहा बाय नऊचं सैपाकघर, पश्चिमेला शेत. शेत दिसावं म्हणून चार बाय साडेतीनची सरकती काच, खाली ग्रॅनाइटचा ओटा, बरोबर मधोमध शेगडी. जानेवारीत घर भरलं तेव्हा सगळ्यांना आवडलं. मार्चअखेर पश्चिमेचा कोरडा वारा सुटला आणि ज्योत एका बाजूला झुकायला लागली. तव्यावरची भाकर एका अंगानं करपायची, दुसऱ्या अंगानं कच्ची राहायची. मंद आच ठेवली की ज्योत विझायची आणि गॅस तसाच सुटत राहायचा. मग खिडकी बंद. बंद काचेतून दुपारचं ऊन थेट ओट्यावर. नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस) लागेपर्यंत काचेला आतून पुठ्ठा आणि बाहेरून हिरवी जाळी लागली होती. शेवटी सिंक खिडकीखाली आणि शेगडी दक्षिणेच्या भिंतीला नेली. त्यासाठी पाण्याची लाइन, सांडपाण्याचा पाइप आणि ओट्याचा अर्धा दगड उखडावा लागला. खडूनं आखायला अर्धा तास लागला असता, ते काम पंधरा दिवस चाललं.

छज्जा वाढवून हे सुटत नाही. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण 34 अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जा तेव्हा पश्चिमेच्या खिडकीवर जेमतेम दीड फूट सावली पाडतो, आणि पुढे ती कमीच होत जाते. दक्षिणेचं तसं नाही. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे दीड फुटाचा छज्जाही खिडकी झाकतो आणि हिवाळ्यात तेच ऊन हवंहवंसं आत येतं. पूर्वेचं ऊन सकाळी नऊ-दहापर्यंतचं, ते सोसवतं. त्यामुळे मोठी खिडकी पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेखेरीज पर्यायच नसेल तर तिथं फक्त उंचावरचा झरोका किंवा लाकडी पल्ल्यांची लहान खिडकी, बाहेर शेवग्याची किंवा वेलाची सावली. शेगडी कोणत्याही खिडकीच्या कडेपासून किमान दोन फूट बाजूला. वास्तूसाठी आग्नेय कोपरा धरणाऱ्यांना हे सहज जमतं: शेगडी पूर्वेच्या भिंतीला, सिंक आणि खिडकी तिच्यापासून सरकून.

दुसरी चूक आपल्याच भागातली: सैपाकघराच्या एकुलत्या एक खिडकीत कूलर.

कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर जायला वाट लागते. ती वाटच कूलरच्या पेटीनं बुजवली की दोन दिवसांत मीठ पाझरतं, पापड नरम पडतात, पिठाच्या डब्याचं झाकण आतून ओलं होतं, आणि अंगाला घाम तो घाम. वर कूलरचा झोत शेगडीवर. लाइट गेली तर काहीच नाही, कारण खिडकी पेटीनं अडलेली. कूलर बैठकीच्या किंवा माजघराच्या खिडकीत लावा आणि सैपाकघराची खिडकी हवा बाहेर जायची वाट म्हणून मोकळी ठेवा. कूलरच्या तोंडाएवढी तरी उघडी जागा हवी, दुप्पट असली तर उत्तम. मग तीच हवा जाताना फोडणीचा धूरही घेऊन जाते. राष्ट्रीय इमारत संहिता सैपाकघराला किमान 1 चौरस मीटर, म्हणजे पावणेअकरा चौरस फुटांची खिडकी सांगते. दोन पट्ट्यांच्या सरकत्या खिडकीत एका वेळी अर्धीच जागा उघडते, हे विसरू नका. आमचं मत सरळ आहे: सैपाकघराला पल्ल्यांची खिडकी, बाहेर उघडणारी.

बाहेर उघडणारी यासाठी, की आत उघडणारा पल्ला सिंकच्या नळाला अडतो. मापं कच्च्या जमिनीवरून घेतली की हमखास असं होतं. सिमेंटचा मसाला आणि टाइल मिळून जमीन तीन-चार इंच वर येते, ओटाही तेवढा वर जातो, खिडकीची खालची कड मात्र जिथल्या तिथं राहते आणि ओट्याला टेकते. भिंतीवर आधी तयार फरशीची रेघ मारा. तिथून ओटा 32-33 इंच, त्यावर 10-12 इंच मोकळी भिंत, म्हणजे खिडकीची खालची कड 42 ते 45 इंचांवर. सिंकमागे खिडकी असेल तर नळ भिंतीतून निघणार नाही, ओट्यावर उभा राहणारा लांब मानेचा नळ लागेल. पाइप टाकण्याआधी प्लंबरला हे सांगा.

जुन्या भिंतीत नवी खिडकी फोडायची असेल तर आधी वर बघा. मयाल किंवा तुळई जिथं टेकली आहे त्याच्याखाली भोक पाडू नका. मातीच्या भिंतीत चार फुटांचं भगदाड तर नकोच. विटांच्या भिंतीला टेकू द्या, आधी लिंटेल (खिडकीच्या डोक्यावरची, भिंतीचा भार पेलणारी आडवी पट्टी) बसवा, मग खाली फोडा. चार फुटांच्या खिडकीला साडेपाच फुटांचं लिंटेल, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच टेकलेलं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आखडते, त्यानं पाया हलतो आणि तडे खिडकीच्या कोपऱ्यातूनच तिरपे जातात. म्हणून खोलीच्या कोपऱ्यापासून किमान दोन फूट सोडा. "एका दिवसात फोडून देतो" म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

एक्झॉस्ट फॅन खिडकीच्या डोक्यावर बसवू नका, तो खिडकीचीच हवा ओढतो आणि धूर जिथला तिथं राहतो. शेगडीच्या बाजूला, वर, खिडकीच्या समोरच्या किंवा काटकोनातल्या भिंतीत बसवा.

खिडकीच्या खालच्या दगडाला बाहेर उतार द्या, तो भिंतीच्या दोन इंच पुढे काढा आणि खालून खाच मारा, नाहीतर पावसाचं पाणी भिंतीत मुरतं.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर पसरतो, खिडकी कितीही मोठी असली तरी. ओट्याखाली पल्ले लावून सिलिंडर ठेवणार असाल तर जमिनीलगत बाहेरच्या भिंतीत सहा इंचांची जाळी ठेवा, उंदीर शिरणार नाही अशी. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्याहून उंच, नळी दीड मीटरपेक्षा लांब नाही.

चौकट आणण्याआधी जागेवर सुट्या विटा रचून ओट्याची उंची करा, वर फळी टाका, आणि रोज सैपाक करणाऱ्या बाईला पोळपाट घेऊन तिथं दहा पोळ्या लाटायला सांगा. खांदे वर उचलले जात असतील तर एक थर काढा. मग त्याच जागी दुपारी चार वाजता उभं राहून ऊन कुठून येतं ते पाहा आणि भिंतीवर खिडकीची चौकट चुन्यानं आखा.