कुंडीतलं रोप सुकलं की पाणी ओतता? आधी या चुका टाळा

नर्सरीतून तरतरीत आणलेली जास्वंद महिन्याभरात मान टाकते आणि घरात ठरतं, ‘आमच्या हाताला झाडच लागत नाही.’ हाताचा काही संबंध नाही. बहुतेक वेळा घोटाळा त्या लाल मातीच्या गोळ्यात असतो.

बऱ्याच नर्सऱ्या रोपं चिकट लाल मातीत भरतात. टेम्पोत गोळा फुटत नाही, म्हणून त्यांना ती सोयीची. घरी आल्यावर काळी पिशवी फाडायची, गोळा तसाच कुंडीत ठेवायचा, भोवती कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत दाबायचं, झालं! दहा-पंधरा दिवस झाड खूश. मग तो गोळा एकदा वाळला की विटेसारखा होतो. पाणी भोवतीच्या भुसभुशीत मिश्रणातून सरळ खाली उतरतं, आतली मुळं कोरडीच. पानं मलूल दिसली म्हणून मालक दोन्ही वेळा तांब्या ओततो. गोळ्याबाहेर नुकती आलेली कोवळी मुळं त्या ओलीत कुजतात. वर कुणीतरी ‘ताकद मिळेल’ म्हणून मूठभर डीएपी हे रासायनिक खत टाकतो आणि कारभार आटोपतो. अशी कुंडी उपडी करून बघा: बाहेर चिखल, आत ठणठणीत कोरडं ढेकूळ.

म्हणून लावण्याआधी गोळा पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १५-२० मिनिटं. मग बोटांनी तळाची आणि कडेची माती मोकळी करा. एक तृतीयांश निघाली तरी पुष्कळ. सगळी मुळं धुऊन काढण्याचा उत्साह नको. बोगनवेलीचा गोळा तर फोडूच नका, नुसता भिजवून लावा; मुळं दुखावलेली तिला खपत नाहीत. मिश्रण दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. कोकणात-मुंबईत पावसाच्या तोंडावर लावत असाल तर कोकोपीट निम्मं करून तेवढी जाड वाळू घाला. आठवडाभर सावलीत ठेवा. महिनाभर वरखत नाही, घाई कितीही असो.

पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरं खुपसा, तेही खोडाजवळ. कडेची माती फसवते. ‘रोज एक ग्लास’ हा नियम कुठल्याच झाडाला लागू नाही.

दुसरी आवडती चूक पिठ्या ढेकणाची. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं की लोक एकदा नीम तेल मारतात आणि ‘उपयोग नाही’ म्हणून बाटली ठेवून देतात. त्या किडीच्या अंगावर मेणकट थर असतो, फवारा वरून ओघळतो. आधी पाण्याची जोरदार धार मारा, फार भरलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका. मग १ लिटर कोमट पाण्यात १-२ मिली लिक्विड सोप ढवळा, त्यात ५ मिली नीम तेल. संध्याकाळी, पानांच्या मागच्या बाजूने फवारा. सात-सात दिवसांनी असं तीनदा, कारण अंड्यांतून नवी पिल्लं येतच राहतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करा. चिकट गोड स्रावासाठी मुंग्या या किडीची राखण करतात.

चहाचा चोथा दूध-साखर धुतल्याशिवाय कुंडीत नको. ताटलीत साठलेलं पाणी ओतून द्या, डास होतात. तुळशीच्या मंजिऱ्या वेळीच खुडा. आणि जानेवारी-फेब्रुवारीत मोगरा छाटला नाही, पाच-सहा तास ऊन दिलं नाही, तर एप्रिलमध्ये कळ्या का नाहीत हे त्या मोगऱ्याला विचारू नका.