नवजात बाळांच्या गाठींवर प्रबंध करणाऱ्यांसाठी

प्रबंधाचा आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, पाठवण्याची तारीख जवळ आली, की नाशिकमधले एक-दोन निवासी डॉक्टर माझ्याकडे हमखास येतात आणि विचारतात, "मॅडम, नवजात बाळांच्या गाठींच्या शस्त्रक्रियेचा निकाल आधी सांगता येतो का, यावर प्रबंध करता येईल का?" विषय उत्तम आहे. मात्र 'निकाल' म्हणजे नेमके काय आणि तो कोणत्या दिवशी मोजायचा, हे पहिले बाळ नोंदवण्याआधी ठरले नाही, तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

माकडहाडापाशी होणारी गाठ, म्हणजे सॅक्रोकॉक्सिजिअल टेराटोमा, हे उदाहरण घेऊ. नवजात बाळांत सर्वाधिक आढळणाऱ्या गाठींपैकी ही एक असली, तरी साधारण ३५ ते ४० हजार जन्मांमागे एका बाळात ती सापडते आणि मुलींमध्ये तिचे प्रमाण तीन-चार पट असते. प्रबंधाच्या काळात एका रुग्णालयात अशी बाळे बोटांवर मोजण्याइतकीच येणार. तेवढ्या नोंदींवर दहा घटकांचे सांख्यिकी गणित मांडण्याच्या मोहात पडू नका. जुने केस पेपर धरा, जमल्यास दोन-तीन संस्थांच्या नोंदी एकत्र करा आणि प्रत्येक बाळाची हकिकत पूर्ण लिहा.

या गाठीत धोके दोन आणि त्यांची चिन्हेही वेगवेगळी आहेत, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. पहिला धोका जन्माच्या आसपासचा. गाठ भरीव आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली असेल, तर गर्भाच्या हृदयावर ताण येतो, अंगाला सूज येते आणि प्रसूतीच्या किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्रावाने बाळ दगावू शकते. पाण्याने भरलेल्या गाठीत हे भय बरेच कमी असते. गर्भारपणाच्या २४ आठवड्यांपूर्वीच्या सोनोग्राफीत गाठीचे मिलिलिटरमधील आकारमान भागिले गर्भाचे ग्रॅममधील वजन हे प्रमाण ०.१२ पेक्षा जास्त निघाले, तर परिणाम वाईट होण्याची शक्यता वाढते, असे प्रसिद्ध अभ्यासांत दिसले आहे. म्हणून आईची सोनोग्राफीची फाइल मागून घ्या; ती बहुतेक वेळा बाळाच्या केस पेपरला जोडलेलीच नसते.

दुसरा धोका गाठ पुन्हा येण्याचा. बालशल्यचिकित्सक ऑल्टमन यांनी १९७४ साली मांडलेले या गाठीचे चार प्रकार इथे उपयोगी पडतात. पहिल्या प्रकारात गाठ जवळजवळ सगळी बाहेर असते आणि लगेच नजरेस पडते, तर चौथ्यात ती पूर्णपणे ओटीपोटाच्या आत दडलेली असल्याने निदान लांबते आणि वयासोबत कर्करोगाची शक्यता वाढत जाते. माकडहाड काढले की नाही, ही नोंद तर ऑपरेशन नोटमध्ये स्पष्ट शब्दांत हवीच. ते मागे राहिले तर गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण खूप वाढते, हे १९५१ पासून ठाऊक आहे. एएफपी, म्हणजे गाठ परत आल्याचा इशारा देऊ शकणारे रक्तातले अल्फा-फीटोप्रोटीन, याचा आकडा बाळाचे वय दिवसांत लिहिल्याशिवाय नोंदवू नका. निरोगी नवजात बाळातही तो हजारोंच्या घरात असतो आणि वर्षभरात हळूहळू उतरतो. एकट्या आकड्यापेक्षा त्याचा उतार पाहायचा असतो.

निवासी डॉक्टर असताना मी एका आईला टाके काढताना सांगितले होते, "गाठ पूर्ण निघाली, आता काळजी नाही." बोलले ते खरे होते, पण अर्धेच. पुढच्या तपासणीची तारीख मी कागदावर लिहून दिली, समजावून सांगितली नाही. दीड वर्षाने ती बाळाला घेऊन आली, तेव्हा बाळाला शौचाला त्रास होत होता आणि गुदमार्गाच्या तपासणीत बोटाला गाठ लागली. माझ्या रजिस्टरमध्ये त्या बाळापुढे 'निकाल : चांगला' असे लिहिलेले होते. ते रजिस्टर मी अजून जपून ठेवले आहे.

तेव्हा निकाल डिस्चार्जच्या दिवशी लिहू नका. किमान तीन वर्षे, दर तीन महिन्यांनी एएफपी आणि गुदमार्गाची तपासणी, शिवाय लघवी आणि शौचावरचा ताबा, एवढे पाहिल्यावरच त्या रकान्यात काही लिहावे.

आपल्या भागात खरी अडचण इथेच येते. सुरगाणा, पेठकडची कुटुंबे हंगामात दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला येतात आणि केस पेपरवर पत्ता लिहिला जातो तो मळेवाल्याचा. हंगाम संपला, की तो पत्ता निरुपयोगी होतो. अशी बाळे विश्लेषणातून वगळली, तर तुमचा अंदाज फक्त परत येऊ शकणाऱ्यांपुरता उरतो आणि निकाल उगाच चांगले दिसतात. म्हणून एथिक्स कमिटीकडे जाणाऱ्या अर्जातच पालकांच्या संमतीने दोन मोबाइल नंबर, मूळ गाव आणि तिथल्या आशाताईंचे नाव घेण्याची तरतूद करा. पुढची तारीख देताना आधी विचारा, "छाटणीला, तोडणीला तुम्ही कुठे असाल?" आणि त्यानुसार तारीख ठरवा. त्या आईनेच मला नंतर सांगितले, की मी दिलेली तारीख ऐन तोडणीत होती आणि त्या दिवसाची मजुरी सोडणे तिला परवडले नव्हते.