फॉलेट : रोजच्या ताटातून आणि वेळेवर घेतलेल्या गोळीतून

शरीरात नवी पेशी तयार होताना तिच्यातील डीएनएची प्रत काढावी लागते, आणि हे काम फॉलेट म्हणजेच ब-९ जीवनसत्त्वावाचून अडते. त्यामुळे जिथे पेशी झपाट्याने वाढतात तिथे, म्हणजे अस्थिमज्जेत आणि गर्भात, त्याची उणीव आधी जाणवते. तांबड्या पेशी मोठ्या पण संख्येने कमी तयार होतात, थकवा येतो, जिना चढताना धाप लागते, जीभ लाल होऊन हुळहुळते. फॉलेटचा शोध लागण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या आणि कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या गंभीर पांडुरोगाचा (ॲनिमियाचा) त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा आजार बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक फॉलेट होता, हे पुढे स्पष्ट झाले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. फॉलेट कमी पडून ती नीट मिटली नाही, तर बाळाच्या मेंदूत किंवा मणक्यात दोष राहू शकतो. पाळी चुकल्याचे लक्षात येते तेव्हा यातला निम्मा काळ उलटून गेलेला असतो आणि डॉक्टरांची भेट होईपर्यंत उरलेलाही बहुधा संपतो. म्हणून मूल हवे असे ठरल्यावर, दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची, म्हणजे फॉलेटच्याच गोळीतल्या रूपाची, गोळी सुरू करावी आणि पहिले तीन महिने ती चालू ठेवावी. आधीच्या बाळाच्या मणक्यात किंवा मेंदूत असा दोष असेल, तर मोठी मात्रा लागते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत अशा स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिल्यावर दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले. फिट्सच्या गोळ्या चालू असणाऱ्या आणि मधुमेह असणाऱ्या स्त्रियांनीही मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. आपल्याकडे औषधांच्या दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते आणि ती ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट असते. तेव्हा चिठ्ठीवरचा आकडा पाकिटावरच्या आकड्याशी ताडून पाहावा.

पुढे गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून सरकारी आरोग्य केंद्रात लोह आणि फॉलिक आम्लाची लाल गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. शौच काळी होते म्हणून ती मध्येच सोडू नये. तो लोहाचा परिणाम आहे आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

इतरांना चौरस आहारातून पुरेसे फॉलेट मिळू शकते, मात्र ते स्वयंपाकात टिकवावे लागते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते. पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतले, तर जवळपास निम्मे फॉलेट त्या पाण्याबरोबर जाते. भाजी आधी निवडून धुवावी आणि मगच चिरावी. चिरून पाण्यात बुडवून ठेवू नये. या दृष्टीने आपली पालकाची पातळ भाजी फार गुणाची आहे. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे कुकरमध्ये शिजवून घ्यावेत, त्यात चिरलेला पालक थोड्याच पाण्यात झाकण ठेवून मऊ होईपर्यंत शिजवावा, बेसन लावलेले ताक घालून एक उकळी आणावी आणि वरून लसणाची फोडणी द्यावी. पालक, डाळ आणि दाणे या तिन्हींत फॉलेट भरपूर आहे आणि शिजवलेले पाणी भाजीतच राहते. शिजलेल्या चवळीत, मसुरात आणि मुगात १०० ग्रॅममागे साधारण १५० ते २०० मायक्रोग्रॅम फॉलेट असते, म्हणून ज्या घरी पालेभाजी रोज परवडत नाही तिथे उसळ आणि आमटीवर भर द्यावा. मेथी, भेंडी, बीट आणि मांसाहारी घरांत कलेजी हेही चांगले स्रोत आहेत. गरोदर स्त्रियांनी मात्र कलेजी टाळावी, कारण तिच्यातील अ जीवनसत्त्वाचे अतिप्रमाण गर्भाला अपायकारक ठरू शकते.

थकवा आला म्हणून फॉलिक आम्लाची मोठी गोळी मनाने सुरू करणे धोक्याचे आहे, आणि शाकाहारी घरांत तर विशेषच. ब-१२ कमी असतानाही असाच पांडुरोग होतो. फॉलिक आम्लाने रक्ताचा अहवाल सुधारतो, पण हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे अशी मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. ब-१२ची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गरोदर स्त्रियांमध्येही ती मोठ्या प्रमाणावर नोंदवली आहे. त्यामुळे दोन्ही जीवनसत्त्वांची तपासणी एकत्र करून घ्यावी.

सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांच्या तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात आणि नव्या सतत घडवाव्या लागतात, म्हणून त्यांना फॉलिक आम्लाची गोळी नेमाने दिली जाते. विदर्भातील आणि नंदुरबारकडील कुटुंबांना ती परिचयाची असेल. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनाही डॉक्टर सहसा ही गोळी सोबत लिहून देतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, म्हणून दोन्ही गोळ्यांचे वार कागदावर लिहून तो कागद औषधांच्या डब्यातच ठेवावा.