पावसाळ्यापूर्वी उतारावरील काजूबागेची माती कशी राखावी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बहुतेक काजूबागा जांभ्या दगडाच्या डोंगरउतारांवर असून तेथील मातीचा थर मुळातच पातळ आहे. जून ते सप्टेंबर या काळात या उतारांवर सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एका हेक्टरवरून केवळ १ मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तरी १० घनमीटर, म्हणजे जवळजवळ १३ टन माती व्हाळाला (ओढ्याला) मिळते, आणि झाडाला घातलेले शेणखतही याच वरच्या थरात असते. म्हणून पुढील कामे मृगापूर्वीच उरकावीत.

सर्वांत मोठे नुकसान बी वेचण्याच्या सोयीपायी होते. झाडाखालची जमीन झाडून लख्ख केली जाते, पातेरा, म्हणजे गळलेला पालापाचोळा, पेटवला जातो, गवत तणनाशकाने मारले जाते. मग पहिल्याच सरीचे थेंब उघड्या मातीवर आपटून तिची छिद्रे बुजतात आणि पाणी न जिरता धावू लागते. अशी भाजलेली, बोडकी बाग मे महिन्यात पाहिली की जीव तुटतो. बी वेचून झाल्यावर पातेरा बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून चार बोटे जाडीचा पसरावा. पावसाळ्यात बेणणी करताना गवत उपटू नये, कोयत्याने वीतभर उंचीवर कापून जागीच पडू द्यावे.

चर खणण्यापूर्वी समपातळी रेषा, म्हणजे उतारावरील सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, आखून घ्यावी, कारण नुसत्या नजरेच्या अंदाजाने खणलेला चर पाणी अडवण्याऐवजी पळवतो. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधून मध्ये आडवी काठी लावावी व शेंड्यातून दगड बांधलेली दोरी सोडावी. चौकट उभी करून दोरी आडव्या काठीला जेथे लागते तेथे खूण करावी, मग दोन्ही पायांच्या जागांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजावे.

कोकणच्या पावसात सलग लांब चर एका जागी फुटला की सारे पाणी तेथूनच उसळते. त्यामुळे ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल आणि तीन-चार मीटर लांबीचे तुटक चर खणावेत, आणि वरच्या दोन चरांमधील मोकळ्या जागेसमोर खालच्या ओळीतील चर येईल असे पाहावे. माती खालच्या बाजूस टाकून त्या वरंब्यावर पाऊस लागताच वाळ्याची किंवा गवती चहाची ठोंबे दाट लावावीत. वाळ्याची सुगंधी मुळे विकण्यासाठी ही ओळ मात्र कधीही खणून काढू नये. जेथे उतार फार तीव्र आहे किंवा जमिनीला भेगा दिसतात, तेथे चर अजिबात खणू नयेत; मुरलेले पाणी तेथे दरड सैल करते.

पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन बागेत एक फेरी मारावी. स्वच्छ पाणी जेथे लाल होऊ लागते, त्या जागेपासून ओघळीत जांभ्या दगडांचे लहान बांध घालत खाली यावे आणि प्रत्येक बांधाचा मध्यभाग कडांपेक्षा खोलगट ठेवावा.